पोटाचा आजार किती गंभीर? रक्ताच्या साध्या रिपोर्टमध्ये काय पाहावं

लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्यातले दोन-चार आकडे ठळक किंवा लाल छापलेले असतात आणि घरातली सगळी माणसं त्याच आकड्यांवरून आजार मोजायला लागतात. "एसजीपीटी अठराशे आलंय", "लायपेज तीन हजारांच्या वर गेलंय" असे फोन नातेवाइकांकडे सुरू होतात. पोटाच्या आजारांत ही मोजणी बऱ्याचदा फसते. आजार कोणता हे एक तपासणी सांगते, तो किती गंभीर हे दुसरीच सांगते. आणि ही दुसरी तपासणी महागडी असतेच असं नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, पीसीव्ही, युरिया, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आयएनआर, सीआरपी या रोजच्या तपासण्या आहेत. तालुक्याच्या गावीही त्या होतात. त्यांचा अर्थ रुग्णाच्या माणसांना थोडाफार कळला, तर डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो आणि मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा निर्णय वेळेत होतो. हा लेख त्यासाठी आहे. घरच्या घरी उपचार ठरवण्यासाठी तो वापरू नये.

स्वादुपिंडाला अचानक सूज येते, त्या आजाराचं उदाहरण आधी घेऊ. डॉक्टर त्याला अ‍ॅक्यूट पॅन्क्रिएटायटिस म्हणतात. पित्ताशयातले खडे आणि दारू ही त्याची दोन मुख्य कारणं. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखतं, कळ पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट वा त्याहून जास्त निघालं, की निदानाला भक्कम आधार मिळतो. त्या आकड्याचं काम एवढंच. तो तिप्पट आहे की तीसपट, यावरून रुग्ण किती आजारी आहे ते ठरत नाही. निदान पक्कं झाल्यावर रोज लायपेज करून ते उतरतंय का हे बघण्यातही काही हशील नाही. ते बहुधा काही दिवसांत आपोआप उतरतं, कधी कधी रुग्ण खालावत असतानाही.

समजा, एकाच वॉर्डात दोन रुग्ण शेजारी आहेत. पहिल्याला खड्यामुळे त्रास झालाय, लायपेज ३,२००. दुसऱ्याला दारूमुळे, लायपेज ६५०. भेटायला येणारा प्रत्येक जण पहिल्याच्या खाटेपाशी हळहळतो. आता उरलेला रिपोर्ट वाचा. पहिल्याचा पीसीव्ही ३९, बीयूएन (युरियाचंच एक माप) ११, क्रिएटिनिन ०.८. दुसऱ्याचा पीसीव्ही ५१, बीयूएन २९, क्रिएटिनिन १.५ आणि पांढऱ्या पेशी १८,०००. डॉक्टरांचं लक्ष दुसऱ्यावर असतं, आणि ते बरोबरच आहे.

पीसीव्ही म्हणजे रक्तात पेशींचा वाटा शेकडा किती, त्याचं माप. काही रिपोर्टमध्ये त्याला हेमॅटोक्रिट म्हटलेलं असतं. स्वादुपिंड सुजलं की रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर पाझरून पोटात साठतं. रक्त दाट होतं आणि पीसीव्ही चढतो. तो ४४ किंवा त्याहून वर असेल आणि सलाईन देऊनही पहिल्या २४ तासांत खाली येत नसेल, तर स्वादुपिंडाचा भाग मृत होण्याचा धोका वाढतो. रक्तातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाला पुरवठा कमी पडतो, मग युरिया आणि पाठोपाठ क्रिएटिनिन वाढतं. म्हणून २००८ साली मांडलेल्या 'बिसॅप' या गुणांकनात अमायलेजलाही जागा नाही आणि लायपेजलाही. त्यात पाच गोष्टी आहेत: बीयूएन २५ पेक्षा जास्त असणं, शुद्ध हरपत जाणं, वय ६० च्या वर असणं, छातीत पाणी होणं, आणि ताप, नाडी, श्वास व पांढऱ्या पेशी यांवरून दिसणारी सर्वांगाची दाह-प्रतिक्रिया. १९७४ मधल्या रॅन्सनच्या निकषांत अकरा बाबी होत्या आणि सगळे गुण मोजायला ४८ तास थांबावं लागे. बिसॅपचे गुण पहिल्याच दिवशी मांडता येतात.

सीआरपीचं गणित वेगळं आहे. ते यकृतात तयार होतं, दाह सुरू झाल्यावर काही तासांनी वाढायला लागतं आणि साधारण दोन दिवसांनी शिखरावर पोचतं. त्यामुळे दुखायला लागल्यावर चार तासांत काढलेलं सीआरपी कमी आलं तर त्यात दिलासा मानू नये. ४८ तासांच्या सुमारास ते लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर आजार गंभीर वळण घेण्याची शक्यता जास्त. २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाप्रमाणे या आजारात गंभीर कोणाला म्हणायचं हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं. फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण निकामी होऊन ४८ तासांत सावरलं नाही, तर आजार गंभीर. तेव्हा रिपोर्टइतकंच लक्ष लघवी किती झाली, धाप लागतेय का, ऑक्सिजन किती आहे याकडे द्या. आणखी एक. ट्रायग्लिसराइड फार वाढल्यामुळे स्वादुपिंड सुजलं असेल, तर रक्त दुधाळ दिसतं आणि अमायलेज खोटंच नॉर्मल येऊ शकतं.

आता कावीळ. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे हिपॅटायटिस ए आणि ई यांची कावीळ पसरते आणि एसजीपीटी हजार, दोन हजार, तीन हजार असं येतं. घर हादरतं. यातले बहुतेक रुग्ण विश्रांती आणि साध्या काळजीने पूर्ण बरे होतात. एसजीपीटी आणि एसजीओटी यकृताच्या पेशींत असतात आणि पेशींना इजा झाली की रक्तात येतात. किती पेशी दुखावल्या याची कल्पना त्यांवरून येते. उरलेलं यकृत काम करतंय का, हे त्यांना सांगता येत नाही. ते सांगतो आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत बनवतं आणि त्यांतल्या काहींचं आयुष्य अवघ्या काही तासांचं असतं. यकृत थकलं की आयएनआर एक-दोन दिवसांतच चढतो. अल्ब्युमिनही यकृतच बनवतं, पण त्याचं अर्धायुष्य जवळजवळ तीन आठवड्यांचं. म्हणून अचानक झालेल्या काविळीत अल्ब्युमिन नॉर्मल असलं तरी निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

घरच्यांचा सगळ्यांत घातक गैरसमज इथेच होतो. सोमवारी एसजीपीटी २,४०० होतं, शुक्रवारी ते ४०० वर आलं. सगळ्यांना हायसं वाटतं, डिस्चार्ज मागितला जातो. पण त्याच कागदावर बिलिरुबिन ९ वरून १९ वर गेलेलं असतं आणि आयएनआर १.३ वरून २.६ वर. याचा अर्थ एन्झाइम बाहेर टाकायलाही पेशी फारशा उरलेल्या नाहीत. अशा माणसाला दिवसा झोप यायला लागली, रात्री तो जागा राहू लागला, बोलण्यात गोंधळ झाला, हात थरथरू लागले, तर ते यकृत निकामी होत असल्याचं लक्षण आहे. ज्याला आधी यकृताचा आजार नव्हता, त्याला काविळीसोबत आयएनआर १.५ च्या वर आणि असा मानसिक गोंधळ दिसला, तर यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाशी त्याच दिवशी बोलायला हवं. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई झाला तर तो जीवघेणा ठरू शकतो. तिच्या बाबतीत 'बघू दोन दिवस' हे शब्दच नकोत.

कावीळ उतरवण्यासाठी झाडपाल्याचं औषध घ्यायला आजही शहरांतले शिकलेले लोकही जातात. विषाणूची कावीळ बहुतेकांत आपोआप उतरते, त्यामुळे श्रेय त्या औषधाला मिळत राहतं. ज्यांची उतरत नाही त्यांचे मोलाचे दिवस मात्र यात जातात. घेतलाच असेल कुठला काढा, चूर्ण, भस्म, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. काही वनस्पती आणि भस्मं यकृताला इजा करतात आणि ही माहिती निदानाला हवी असते. दुसरी नोंद आयएनआरबद्दल. खडा किंवा गाठ यांमुळे पित्ताचा मार्ग अडला, तर आतड्यात 'के' जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि तेवढ्यानेही आयएनआर वाढतो. अशा वेळी 'के'चं इंजेक्शन दिलं की दिवसभरात तो सुधारतो. इंजेक्शन देऊनही सुधारला नाही, तर दोष यकृताच्या ताकदीत आहे.

वर्षानुवर्षं हळूहळू खराब होणाऱ्या यकृताची गोष्ट उलटी आहे. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर यांमुळे यकृत जून होऊन सिऱ्होसिस झाला, तरी एसजीपीटी ३८ असू शकतं, म्हणजे रिपोर्टमध्ये ठळक छापण्याजोगं काहीच नाही. इथे प्लेटलेट बघा. यकृत कडक झालं की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. आपल्याकडे प्लेटलेट म्हटलं की डेंग्यू आठवतो, पण ताप नसताना महिनोन्‌महिने प्लेटलेट दीड लाखाच्या खाली राहत असतील तर यकृत आणि प्लीहा तपासायला हवी.

यासाठी 'फिब-४' नावाचं एक सोपं गणित आहे. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट हजारांत धरायच्या, म्हणजे १ लाख २० हजार असतील तर १२०. समजा, ५२ वर्षांचे मधुमेही गृहस्थ आहेत, एसजीओटी ६४, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख २० हजार. ५२ गुणिले ६४ म्हणजे ३,३२८. ४९ चं वर्गमूळ ७, त्याला १२० ने गुणलं की ८४०. भागाकार येतो ३.९६. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर यकृतात फार व्रण नसावेत, २.६७ च्या वर असेल तर शंका दाट. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी खालची मर्यादा २ धरतात आणि पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही. ताज्या काविळीत, एसजीओटी शेकड्यांत असताना, ते करायचंच नाही. या गृहस्थांना कदाचित काहीच होत नसेल. 'एन्झाइम थोडी वाढलीत' म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलेला हा रिपोर्ट आहे, आणि त्यांना फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) व पोटविकारतज्ज्ञांचा सल्ला हवा.

सिऱ्होसिस पक्का झाल्यावर त्याची पायरी ठरवायला चाइल्ड-प्यू गुणांकन वापरतात. त्यातल्या पाच बाबींपैकी तीन रक्ताच्या आहेत: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर. उरलेल्या दोन म्हणजे पोटातलं पाणी आणि मेंदूवरची गुंगी. अल्ब्युमिन २.८ च्या खाली, बिलिरुबिन ३ च्या वर, आयएनआर २.३ च्या वर, यांतल्या प्रत्येकाला सर्वांत वाईट गुण मिळतात. एसजीपीटी या यादीतही नाही.

पोटातल्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन सुरुवातीला चकवतं. काळीभोर, चिकट, दुर्गंधी शी झाली किंवा रक्ताची उलटी झाली, म्हणून रुग्णाला घाईने आणलं आणि हिमोग्लोबिन १३ आलं, तर 'रक्त फार गेलेलं नाही' असा निष्कर्ष काढू नये. रक्त वाहून जातं तेव्हा पेशी आणि पाणी एकत्रच जातात, त्यामुळे उरलेल्या रक्तातलं प्रमाण तेच राहतं. शरीर बाहेरचं पाणी रक्तात ओढून घेतं किंवा सलाईन चढतं, तेव्हा काही तासांनी ते उतरतं. त्या मधल्या काळात नाडी, रक्तदाब आणि युरिया बोलतात. जठरातून आतड्यात उतरलेलं रक्त पचतं, त्यातल्या प्रथिनांचा युरिया होतो. क्रिएटिनिन नॉर्मल आणि युरिया मात्र चढलेला, असं दिसलं की रक्त वरच्या भागातून येत असल्याचा संशय बळावतो. २००० साली ग्लासगोत तयार झालेल्या ब्लॅचफर्ड गुणांकनात युरिया, हिमोग्लोबिन, रक्तदाब, नाडी, काळी शी, चक्कर येऊन पडणं, यकृत आणि हृदयाचा आजार एवढंच मोजतात, दुर्बिणीच्या तपासणीच्या आधीच. शून्य किंवा एक गुण आला तर रुग्णाला भरती न करता बाह्यरुग्ण म्हणून बघता येतं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, ते आठवणीने सांगा.

हिमोग्लोबिन ८ असताना रक्त का चढवत नाहीत, म्हणून नातेवाईक डॉक्टरांशी वाद घालतात. त्यांची तळमळ खरी असते, पण बार्सिलोनात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, ९ च्या खाली लगेच रक्त दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. हृदयविकार असेल किंवा रक्त धो-धो वाहत असेल, तर निर्णय बदलतो.

याच्या जोडीला एक हळू चालणारा रक्तस्राव असतो, जो कोणाच्या नजरेस येत नाही. हिमोग्लोबिन ७.५, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६६, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं माप) ५, आणि माणूस चालत दवाखान्यात येतो, तक्रार फक्त दम लागण्याची. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाच्या कमतरतेचा असा पांडुरोग झाला, तर फक्त लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवू नये. रक्त कुठून जातंय ते शोधण्यासाठी जठराची आणि मोठ्या आतड्याची, दोन्ही दुर्बिणीच्या तपासण्या करायला हव्यात. मूळव्याध आहे म्हणून आतड्याची तपासणी टाळणं हे माझ्या मते आपल्याकडचं फार महागात पडणारं दुर्लक्ष आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग असाच लपून राहतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला व्रण पडून रक्ताचे जुलाब होतात त्या आजारात, ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली मांडलेले निकष आजही वापरात आहेत. दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताच्या शी, आणि जोडीला नाडी ९० च्या वर, ताप, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (दाहाचं आणखी एक माप) ३० च्या वर यांपैकी एक जरी असलं, तरी रुग्णाला भरती करायचं. पुढे १९९६ मध्ये ऑक्सफर्डनेच आणखी एक नियम दिला. शिरेतून स्टिरॉइड सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी आठपेक्षा जास्त शी होत असतील, किंवा तीन ते आठ शी आणि सीआरपी ४५ च्या वर असेल, तर आतडं काढण्याची वेळ येण्याची शक्यता मोठी. म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुढच्या औषधाबद्दल आणि शल्यविशारदाबद्दल बोलू लागले, तर घाबरून रुग्ण हलवू नका, ते वेळेवर बोलतायत. सीआरपी नॉर्मल आहे म्हणून आजार शांत आहे असं मात्र या आजारात म्हणता येत नाही. शीमधलं कॅलप्रोटेक्टिन त्यासाठी जास्त भरवशाचं.

क्रोन्स हा आतड्याचा दुसरा आजार आणि आतड्याचा क्षयरोग यांत रक्ताच्या तपासण्यांनी फरक करता येत नाही. ईएसआर दोन्हीत वाढतो, अल्ब्युमिन दोन्हीत उतरतं, वजन दोन्हीत घटतं. आपल्या देशात क्षयरोग इतका असताना आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय स्टिरॉइड सुरू करणं धोक्याचं आहे.

रिपोर्ट वाचताना एककं बघायची सवय लावा. सीआरपी काही लॅब लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. लिटरमागचे १५० म्हणजे डेसिलिटरमागचे १५. एका लॅबचे १५ आणि दुसऱ्या लॅबचे १५० हा दहापट फरक वाटतो, असतो तो एकच आकडा. तसंच 'ब्लड युरिया' आणि 'बीयूएन' हे एक नव्हेत. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो, म्हणजे बीयूएन २५ म्हणजे युरिया साधारण ५४. शक्य असेल तर सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा.

फाइलच्या आतल्या पानावर एक तक्ता आखा. तारखेबरोबर वेळही लिहा, आणि हिमोग्लोबिन, पीसीव्ही, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, युरिया, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, सीआरपी ओळीने मांडत जा. शेवटच्या रकान्यात रक्ताची पिशवी, अल्ब्युमिनची बाटली, सलाईन, 'के'चं इंजेक्शन कधी दिलं ते लिहा, कारण या प्रत्येकाने पुढचा आकडा बदलतो. काल रक्त चढवल्यावर आज वाढलेलं हिमोग्लोबिन म्हणजे रक्तस्राव थांबला असं नाही. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवताना हे एक पान तिथल्या डॉक्टरांचा बराच वेळ वाचवतं. डिस्चार्जच्या वेळी रुग्णाचा नेहमीचा, बरा असतानाचा रिपोर्टही फाइलला लावून ठेवा. ज्याचं क्रिएटिनिन एरवी ०.७ असतं त्याचं १.४ झालं, तर छापलेल्या मर्यादेच्या थोडंच वर दिसतं, पण ते दुप्पट झालेलं असतं.

काही प्रसंगांत रिपोर्टची वाट बघायची नाही. म्हाताऱ्या माणसांत आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत आतडं फुटलेलं असतानाही पांढऱ्या पेशी नॉर्मल राहू शकतात. अ‍ॅपेंडिक्समध्येही तसं होतं. पोट लाकडासारखं कडक झालं, रक्ताची उलटी झाली, काळी शी होऊन चक्कर आली, काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा बोलण्यात गोंधळ झाला, सहा-आठ तास लघवीच झाली नाही, यांपैकी काहीही घडलं तर लॅबमध्ये जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि भरतीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. रक्त तिथे काढतील.